प्रकरण ४ : दोस्त वैरी कसे झाले?

जर्मनीत एल्ब नदीच्या काठावर टोर्गाऊ नावाचं एक गाव आहे. २५ एप्रिल १९४५ रोजी तिथल्या मोडक्या पुलावर पश्चिमेकडून आलेले अमेरिकी सैनिक आणि पूर्वेकडून आलेले रशियन सैनिक समोरासमोर आले आणि त्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. एकमेकांची भाषा कळत नव्हती. पण हिटलरचं राज्य मधोमध चिरलं गेलंय, एवढं दोघांनाही कळत होतं.

आता जून १९४८ मध्ये या. टोर्गाऊपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बर्लिनमध्ये रशियन सैन्याने शहराचे रस्ते आणि रूळ अडवले आहेत. अमेरिकी सैन्य त्याच शहराला विमानांतून पीठ आणि कोळसा पुरवतंय. मिठ्यांपासून इथपर्यंत यायला लागले फक्त तीन वर्षं आणि दोन महिने.

खांद्याला खांदा लावून जिंकलेले दोघं इतक्या लवकर एकमेकांच्या उरावर कसे बसले? ‘एक साम्यवादी, दुसरा भांडवलशाहीवाला, पटणार कसं?’ हे उत्तर आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कारण १९४१ मध्येही एक साम्यवादी होता आणि दुसरा भांडवलशाहीवालाच होता. तरी त्यांची दोस्ती झाली आणि चार वर्षं टिकली. तेव्हा खरं शोधायचंय ते हे, की १९४५ नंतर असं काय घडलं, ज्यामुळे जुना मतभेद नवं वैर झाला?

१. आधी ‘शीत’ म्हणजे काय?

या वैराला आपण शीतयुद्ध म्हणतो. ‘शीत’ म्हणजे सौम्य असं समजू नका. युद्धाला लागतं ते सगळं यात होतं : शस्त्रं, हेर, प्रचार, अब्जावधींचा खर्च, गटबाजी. नव्हती ती एकच गोष्ट. दोन मुख्य प्रतिस्पर्धी एकमेकांवर उघड चाल करून गेले नाहीत. कोरिया, व्हिएतनाम अशा ठिकाणी लाखो माणसं मेली, पण वॉशिंग्टन आणि मॉस्कोवर बॉम्ब पडला नाही. हा शब्द लेखक जॉर्ज ऑर्वेलने ऑक्टोबर १९४५ मध्येच वापरला होता. १९४७ मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराच्या पुस्तकाचं नावच ते होतं आणि तिथून तो सर्वांच्या तोंडी बसला.

आणखी एक खुलासा. त्या काळच्या देशाचं नाव सोव्हिएत संघ. रशिया हा त्यातला सगळ्यात मोठा घटक. आपल्याकडे दोन्ही नावं एकाच अर्थाने वापरायची सवय होती, इथेही तसंच केलंय.

२. जुनी अढी

एक कापडगिरणी डोळ्यांसमोर आणा. माग कुणाच्या मालकीचे, किती कापड विणायचं, भाव काय ठेवायचा? भांडवलशाहीचं उत्तर : मालक खाजगी, भाव बाजार ठरवेल. सोव्हिएत साम्यवादाचं उत्तर : मालक सरकार, उत्पादन आणि भाव योजना ठरवेल. भांडण एवढ्यावरच असतं तर ज्याने त्याने आपापली गिरणी चालवली असती. पण दोघांनाही आपलं उत्तर साऱ्या जगासाठी खरं वाटत होतं. साम्यवादी म्हणत, भांडवलशाही आज ना उद्या कोसळणारच. अमेरिका म्हणे, मुक्त बाजार आणि मुक्त निवडणुका सगळ्यांनाच हव्यात.

त्यात दोघांच्या वह्यांत जुन्या नोंदी होत्या. रशियन वहीतली पहिली नोंद १९१८ ची. रशियातल्या साम्यवादी क्रांतीनंतरच्या यादवीत ब्रिटन, फ्रान्स, जपान आणि अमेरिकेनेही रशियाच्या भूमीवर फौजा उतरवल्या होत्या. क्रांतीनंतरच्या सरकारला मान्यता द्यायला अमेरिकेने १९३३ पर्यंत वेळ लावला. १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडू दिला आणि त्या बैठकीला सोव्हिएत संघाचा नेता स्टालिन याला बोलावलंही नाही. पाश्चात्त्यांच्या वहीतली नोंद २३ ऑगस्ट १९३९ ची. त्या दिवशी स्टालिनने थेट हिटलरशीच करार केला आणि पुढच्याच महिन्यात दोघांनी पोलंड वाटून घेतला.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर हल्ला केला, तेव्हा या वह्या मिटून ठेवल्या गेल्या. फाडल्या मात्र कुणी नाहीत.

३. युद्ध एक, हिशेब दोन

या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली, सैनिक आणि नागरिक मिळून. अमेरिकेचे सुमारे ४ लाख सैनिक मेले. भागाकार करून पाहा : एका अमेरिकी मृत्यूमागे साठाहून अधिक सोव्हिएत मृत्यू. पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा, असा धोशा स्टालिनने १९४१ पासून लावला होता. फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा मोठ्या संख्येने उतरल्या त्या ६ जून १९४४ रोजी. रक्त आमचं आणि जय सगळ्यांचा, ही भावना मॉस्कोत घट्ट रुजली. अमेरिकेचा हिशेब वेगळा होता. तिने रशियाला सुमारे १,१०० कोटी डॉलरची सामग्री पाठवली होती : ट्रक, विमानं, डबाबंद मांससुद्धा. शिवाय जपानशी लढाई चालूच होती.

युद्धातून दोघांनी धडेही वेगवेगळे घेतले. रशियाचा धडा नकाशाचा होता. १९१४ आणि १९४१, एका पिढीत दोनदा जर्मन फौजा पूर्व युरोपच्या सपाट मैदानांवरून आल्या. तेव्हा ती मैदानं आपल्या माणसांच्या ताब्यात हवीत. अमेरिकेचा धडा बाजाराचा होता. १९३० च्या मंदीत देशोदेशींनी आपापली दारं बंद केली, बेकारी वाढली, त्यातून हिटलर उपजला. तेव्हा दारं उघडी हवीत. युद्धानंतर जगातल्या कारखानी उत्पादनाचा जवळपास निम्मा वाटा एकट्या अमेरिकेचा होता. उघड्या दारांचा फायदा सर्वांत जास्त कुणाला होणार, हे सांगायला नको.

म्हणजे एकाला सुरक्षिततेसाठी बंद पूर्व युरोप हवा होता आणि दुसऱ्याला उघडा.

४. बांधावरचं भांडण

आता या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची कल्पना. अभ्यासक तिला सुरक्षिततेचा पेच म्हणतात. आपण शेतावरून समजून घेऊ.

रामभाऊ आणि शामराव यांची शेतं लागून आहेत. रामभाऊंच्या शेतात दोनदा गुरं घुसली आणि उभं पीक गेलं. त्यांनी बांधाला काटेरी कुंपण घातलं. घालताना ते दोन हात पुढे घातलं, म्हणजे गुरं आलीच तर पिकापासून लांब अडावीत. शामरावांना गुरं दिसली नाहीत, पुढे आलेलं कुंपण दिसलं. त्यांनी बंदूकवाला राखणदार ठेवला. रामभाऊ म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो! आणि कुंपण आणखी दोन हात सरकवलं. दोघंही आपापल्या परीने खरं बोलतायत. एकाचा बचाव दुसऱ्याला हल्ला वाटतो, इतकंच. बांधाची सरकारी मोजणी झालेली असती, दगड रोवलेले असते, तर निदान भांडण कशावरून ते तरी ठरलं असतं. पण व्यवहार सगळा तोंडी.

आता रामभाऊंच्या जागी स्टालिन, शामरावांच्या जागी अमेरिका आणि बांधाच्या जागी पोलंड ठेवा. एक फरक लक्षात असू द्या. कुंपण ज्या जमिनीवर सरकत होतं ती या दोघांपैकी कुणाचीच नव्हती. ती पोलिश, झेक, रुमानियन लोकांची होती आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

व्यवहार किती तोंडी होता, पाहा. ऑक्टोबर १९४४ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल मॉस्कोला गेला आणि एका कागदावर टक्के लिहून त्याने तो स्टालिनपुढे सरकवला. रुमानियात रशियाचा शब्द ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचा ९० टक्के, युगोस्लाव्हियात निम्मं-निम्मं. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने खूण केली. ना करार, ना सह्या.

फेब्रुवारी १९४५ मध्ये क्रायमियातल्या याल्टाला अमेरिकी अध्यक्ष रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन भेटले. पोलंडमध्ये लवकरात लवकर मुक्त निवडणुका घ्यायच्या असं कागदावर ठरलं. पण कधी, कुणाच्या देखरेखीखाली, हे लिहिलंच नाही. रूझवेल्टचा सल्लागार अ‍ॅडमिरल लेही तेव्हाच म्हणाला होता, की हा मजकूर रबरासारखा आहे, याल्टापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणला तरी तुटायचा नाही. पोलंडचं सरकार रशियाशी मैत्रीचं हवं आणि मुक्तपणे निवडलेलंही हवं, अशी दुहेरी अपेक्षा होती. ज्या देशाने १९३९ ची फाळणी सोसली, ज्याचे हजारो अधिकारी १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी गोळ्या घालून मारले, तो मोकळेपणाने रशियाच्या मित्राला मत देईल ही आशा भाबडी होती. दोन्ही अटी एकत्र बसत नव्हत्या. स्टालिनने पहिली निवडली. जानेवारी १९४७ च्या पोलिश निवडणुकीत दडपशाही आणि लबाडीने साम्यवादी गट ‘जिंकला’.

५. खिशातला बॉम्ब

१२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्टचं निधन झालं. स्टालिनशी जुळवून घेण्याची त्याला हातोटी होती. त्याच्या जागी आलेल्या हॅरी ट्रुमनला परराष्ट्र व्यवहाराचा अनुभव जवळजवळ नव्हता आणि अणुबॉम्बच्या कामाची पुरती माहितीही त्याला अध्यक्ष झाल्यावरच मिळाली.

जुलैमध्ये बर्लिनजवळ पॉट्सडॅमला परिषद भरली. ती सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, १६ जुलैला, अमेरिकेच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट यशस्वी झाला. २४ जुलैला ट्रुमनने स्टालिनला सहज बोलल्यासारखं सांगितलं, की आमच्याकडे विलक्षण संहारक असं नवं अस्त्र आहे. स्टालिनच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. कारण त्याच्या हेरांनी ही बातमी कधीच पोचवली होती. म्हणजे दोस्ताने दोस्तापासून गुपित राखलं होतं आणि दोस्ताने दोस्ताकडे चोरी केली होती, हे सगळं दोस्ती चालू असतानाच. हिरोशिमानंतर दोनच आठवड्यांत स्टालिनने गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याच्या हाताखाली बॉम्बच्या कामासाठी खास समिती नेमली.

६. दोन अहवाल

१९४६ मध्ये दोन राजदूतावासांतून दोन लांबलचक तारा गेल्या. २२ फेब्रुवारीला मॉस्कोतून जॉर्ज केनन या अमेरिकी अधिकाऱ्याने वॉशिंग्टनला कळवलं : रशियाच्या राज्यकर्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या असुरक्षित वाटत आलंय. बाहेर शत्रू आहे असं दाखवल्याशिवाय त्यांची घरातली हुकूमशाही टिकत नाही. त्यांना युक्तिवाद समजत नाही, ताकद समजते. घट्ट विरोध झाला की ते मागे सरतात.

सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनमधून निकोलाय नोव्हिकोव्ह या सोव्हिएत राजदूताने मॉस्कोला कळवलं : अमेरिकेच्या बड्या भांडवलदारांना जगावर वर्चस्व हवंय. लष्करी खर्च बघा, जगभर उभे राहणारे तळ बघा. हा सगळा रोख आपल्यावर आहे.

दोन्ही तारा शेजारी ठेवून वाचल्या की रामभाऊ-शामरावांची आठवण येते. प्रत्येकाने दुसऱ्याची भीती हेरली, पण तिला हाव असं नाव दिलं.

केननच्या विचारातून अमेरिकेचं ‘रोखून धरण्याचं’ धोरण निघालं. रशियावर चाल करायची नाही, त्याच्यापुढे नमायचंही नाही. तो जिथे पुढे सरकेल तिथे वाट अडवायची आणि धीर धरायचा. याचा पडताळा लगेच आला. युद्धकाळात इराणमध्ये गेलेली सोव्हिएत फौज कराराप्रमाणे २ मार्च १९४६ पर्यंत परतायला हवी होती. ती परतली नाही. प्रकरण संयुक्त राष्ट्रांत गेलं, दबाव आला, इराणने तेलाच्या सवलतीचं आश्वासन दिलं आणि मे महिन्यात फौज निघाली. त्याच मार्चमध्ये, तेव्हा सत्तेबाहेर असलेल्या चर्चिलने अमेरिकेतल्या फुल्टन गावी भाषण केलं आणि युरोपच्या मधोमध पडलेल्या ‘लोखंडी पडद्या’चा शब्द जगाला दिला.

७. लंडनची चिठ्ठी आणि मार्शलचा पैसा

फेब्रुवारी १९४७ मधल्या लागोपाठच्या दोन तारखा पाहा. २० फेब्रुवारीला ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅटलीने जाहीर केलं, की जून १९४८ पर्यंत आम्ही हिंदुस्थान सोडू. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने अमेरिकेला चिठ्ठी दिली, की ग्रीस आणि तुर्कस्तानचा खर्च आम्हाला ३१ मार्चनंतर झेपणार नाही. युद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती. आपल्या इतिहासात आपण पहिली तारीख वाचतो, शीतयुद्धाच्या इतिहासात दुसरी येते. दोन्हीच्या मागे एकच रिती तिजोरी होती.

ग्रीसमध्ये राजेशाहीचं सरकार आणि साम्यवादी बंडखोर यांची यादवी चालू होती. गंमत अशी, की स्टालिन तिथे हात राखूनच होता. चर्चिलच्या त्या कागदावरचे ९० टक्के त्याने बऱ्यापैकी पाळले. बंडखोरांना मदत करत होता तो मुख्यतः युगोस्लाव्हियाचा टिटो. पण वॉशिंग्टनहून पाहताना सगळे लाल एकच दिसत. १२ मार्चला ट्रुमनने संसदेकडे ग्रीस-तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले आणि दडपणाला विरोध करणाऱ्या मुक्त लोकांना मदत करणं हे अमेरिकेचं धोरण असल्याचं जाहीर केलं. दोन देशांच्या मदतीचा प्रश्न साऱ्या जगाचा झाला.

५ जूनला परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शलने युरोपच्या पुनर्बांधणीची योजना मांडली. निमंत्रण रशियालाही होतं. मग रशियाने पैसा का नाकारला? बँकेचं कर्ज आठवा. बँक म्हणते, पैसे देतो, पण आधी जमाखर्चाच्या वह्या दाखवा आणि शेजाऱ्यांबरोबर मिळून एकच आराखडा करा. ज्याच्या घरात सगळा कारभार झाकून चालतो, त्याला ही अट म्हणजे दारातून आत आलेला पाय वाटणार. २ जुलैला परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह पॅरिसची बैठक सोडून निघाला. चेकोस्लोव्हाकियाने आमंत्रण स्वीकारलं होतं. त्यांच्या नेत्यांना मॉस्कोला बोलावणं आलं आणि त्यांनी होकार मागे घेतला. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथे साम्यवाद्यांनी पूर्ण सत्ताच घेतली. पश्चिम युरोपला चार वर्षांत सुमारे १,३०० कोटी डॉलर मिळाले. पूर्वेला सोव्हिएत पोलाद-कोळशाच्या योजना मिळाल्या. कुंपण आता पक्कं झालं होतं.

८. नोटा बदलल्या आणि शहर कोंडलं

उरला जर्मनी. त्याचे चार भाग करून अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने एकेक घेतला होता. बर्लिन रशियन भागात दीडशेहून अधिक किलोमीटर आत होतं आणि त्याचेही तसेच चार भाग केले होते. हरलेला जर्मनी ही जणू सामाईक गाय. रशियाचं घर जळालेलं, त्याला भरपाई म्हणून गायीकडून मिळेल ते आत्ताच ओरबाडून हवं होतं. त्याने आपल्या भागातले कारखाने उखडून नेले. अमेरिका म्हणे, गाय भाकड झाली तर चाऱ्याचा खर्च आमच्याच माथी येतो, तिला दुभती करू.

दुभती करायची तर आधी पैसा सुधारायला हवा होता. जुन्या मार्कच्या नोटा इतक्या झाल्या होत्या, की त्यांना कुणी विचारेना. लोक सिगारेटी देऊन बटाटे घेत. २० जून १९४८ रोजी पश्चिमेकडच्या तीन भागांत जुनं चलन बाद झालं आणि माणशी ४० नवे मार्क मिळाले.

याने रशिया का बिथरला? समजा, कोल्हापुरात जुन्या नोटा रातोरात बाद झाल्या आणि निपाणीत त्या चालूच राहिल्या. काय होईल? कोल्हापुरातली प्रत्येक जुनी नोट निपाणीच्या बाजाराकडे धावेल आणि तिथले भाव गगनाला भिडतील. रशियन भागाचं निपाणी होणार होतं. त्यांनी घाईघाईने जुन्या नोटांवर कुपनं चिकटवून आपलं वेगळं चलन काढलं. २४ जूनला त्यांनी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले.

आत वीस लाखांहून जास्त माणसं. दिवसाला किमान साडेचार हजार टन सामान लागणार होतं. मोठ्या विमानात साधारण दहा टन मावतं असं धरा. म्हणजे रोज ४५० फेऱ्या. दिवसाची १,४४० मिनिटं. भागा : दर तीन-सव्वातीन मिनिटांना एक विमान उतरायला हवं, रात्री, धुक्यात, हिवाळ्यातसुद्धा. अशक्य वाटणारं हे गणित सुटलं. पावणेतीन लाखांवर फेऱ्यांतून सुमारे २३ लाख टन माल गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा होता. १२ मे १९४९ रोजी रशियाने नाकेबंदी उठवली.

तोवर खेळाचा पट मांडून झाला होता. एप्रिल १९४९ मध्ये अमेरिकेसह बारा देशांचा नाटो हा संरक्षण करार झाला. वर्ष संपायच्या आत जर्मनीचे दोन देश झाले आणि २९ ऑगस्टला रशियाने आपला पहिला अणुबॉम्ब फोडला. या पटाची एक रेघ आपल्या दारापर्यंत आली. गोवा तेव्हा ज्याच्या ताब्यात होता तो पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध आलेला ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडला.

९. मग चूक कुणाची?

इतिहासकारांच्या पहिल्या पिढीने दोष स्टालिनच्या विस्ताराला दिला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतल्याच अनेकांनी बोट अमेरिकेच्या बाजारपेठांच्या भुकेकडे दाखवलं. नंतरच्यांनी दोन्हीकडच्या भीतीचा आणि गैरसमजांचा हिशेब मांडला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर मॉस्कोची दप्तरं काही प्रमाणात उघडली, तेव्हा स्टालिनचा संशयी स्वभाव अधिक ठळक दिसला. तरी दोघांचा दोष सारखा म्हणता येत नाही. मार्शलचा पैसा नाकारता येत होता, लाल सेनेचा रणगाडा नाकारता येत नव्हता.

पण बर्लिनच्या नाकेबंदीतली एक बारीक गोष्ट जाता जाता पाहण्यासारखी आहे. रस्ते आणि रेल्वेने बर्लिनला जाण्याचा पाश्चात्त्यांचा हक्क १९४५ मध्ये तोंडी ठरला होता, त्यावर सही नव्हती. तीन हवाई मार्ग मात्र नोव्हेंबर १९४५ मध्ये लेखी मंजूर झाले होते, प्रत्येकाची वीस मैल रुंदीही लिहिलेली होती. रशियाने अडवले ते रस्ते आणि रूळ. आकाशात त्यांची लढाऊ विमानं जवळून घिरट्या घालत, भेवडावत, पण मालवाहू विमान त्यांनी एकही पाडलं नाही. इकडे रणगाडे घेऊन रस्ता फोडावा असा सल्ला अमेरिकी सेनापती क्लेने दिला होता, तो ट्रुमनने मानला नाही.

लेखी मार्ग मोडायचा तर पहिली गोळी आपल्याला झाडावी लागेल, हे स्टालिनला कळत होतं. अडवलेला रस्ता फोडायचा तर ती आपल्याला झाडावी लागेल, हे ट्रुमनला. याल्टाचा रबरी मजकूर ज्याने त्याने आपल्याकडे ताणला. बर्लिनच्या आकाशात मात्र मोजणीचे दगड रोवलेले होते आणि वैरी झालेले दोस्तही त्यांच्या अलीकडे थांबले.